सेल्फ फिरतो, पण डिझेल गाडी चालू होत नाही: स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर घ्यावा का?

घ्यावा, पण कोड वाचायला म्हणून नाही. (ओबीडी म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती बाहेर देणारी सोय, आणि कोड म्हणजे त्याने नोंदवलेल्या बिघाडाचा नंबर.) कॉमन रेल डिझेल गाडी (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या नोझलना ‘रेल’ या एकाच सामाईक पाइपमधून मोठ्या प्रेशरने डिझेल मिळतं ती) सेल्फ मारूनही चालू होत नसेल, तर पाचशे ते दीड हजारात मिळणाऱ्या या अडॅप्टरचं खरं काम एकच आहे: सेल्फ फिरत असताना रेलमध्ये किती प्रेशर तयार होतंय ते दाखवणं. तो आकडा हातात असला की ‘नोझल गेलेत’, ‘पंप बदलावा लागेल’ यावर नुसती मान डोलवावी लागत नाही. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत आलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल बंद केलं. या गाड्या आता बहुतेक गल्लीतल्या गॅरेजवरच चालतात, आणि तिथे प्रत्येकाकडे चांगला स्कॅनर असतोच असं नाही. त्यामुळे हा अडॅप्टर मालकाकडेच असलेला बरा.

आधी खरेदीचं. डब्यावर ‘ईएलएम ३२७’ हे आतल्या चिपचं नाव लिहिलेलं असतं, पण बाजारातला जवळजवळ सगळा माल नक्कल आहे. नकलेतही फरक असतो. बऱ्याच ‘व्ही २.१’ वाल्यांमध्ये कमांड अर्धवट असतात, जुन्या गाड्यांची के-लाइन (डेटाची जुनी वायर) त्यांना नीट जमत नाही. ‘व्ही १.५’ वाले तुलनेने भरवशाचे निघतात. तरी गाडीला लावून बघितल्याशिवाय पॅकिंग फेकू नका. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही. वायफाय किंवा बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) लागतो. अॅप म्हणून अँड्रॉइडवर ‘टॉर्क प्रो’ आणि दोन्हीकडे ‘कार स्कॅनर’ चांगली आहेत. दोन्हींत ग्राफ रेकॉर्ड होतो, आणि आपल्याला तोच हवा असतो.

अडॅप्टर गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावा, चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. आलेल्या कोडचा स्क्रीनशॉट घ्या आणि लगेच क्लिअर करू नका. मग लाइव्ह डेटात तीनच गोष्टी निवडा: आरपीएम, फ्युएल रेल प्रेशर आणि व्होल्टेज. हा अडॅप्टर एकेक माहिती रांगेने मागतो, त्यामुळे दहा गोष्टी निवडल्या की प्रत्येक आकडा उशिरा येतो आणि क्रँकिंगचा (सेल्फ इंजिन फिरवतो तेवढ्या वेळाचा) खेळ तर सात-आठ सेकंदांत संपतो. रेल प्रेशर बऱ्याचदा किलोपास्कलमध्ये दिसतं. १०० किलोपास्कल म्हणजे १ बार, हे लक्षात असू द्या. रात्रभर उभ्या गाडीत सेल्फ मारायच्या आधी हा आकडा शून्याजवळ हवा. तेव्हाच तो दीडशे-दोनशे बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं सांगतेय, आणि पुढच्या कुठल्याच आकड्यावर भरवसा ठेवता येणार नाही.

आता सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फची मोटर तापते.

सेल्फ जोरात फिरतोय आणि आरपीएम शून्यच राहतोय, तर इंजिन फिरतंय हे ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळतच नाहीये. क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा), त्याचा कप्लर (वायरचा जोड), उंदराने कुरतडलेली वायर, याच क्रमाने बघा. पी०३३५ कोड सोबत असेल तर संशय पक्का. आरपीएम शे-सव्वाशेतच घुटमळत असेल तर डिझेलच्या मागे लागायचं कारणच नाही: बॅटरी, अर्थची पट्टी किंवा सेल्फ. चांगली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असते आणि क्रँकिंगमध्ये ९.६ च्या खाली जायला नको. इथे स्वस्त अडॅप्टरची एक खोड आहे: व्होल्टेज फार पडलं की तो स्वतःच रिसेट होतो आणि अॅप ‘डिसकनेक्टेड’ म्हणतं. तसं झालं तर आधी बॅटरी चार्ज करून घ्या, मगच पुढचं.

आरपीएम दोनशेच्या वर आहे आणि प्रेशर तीस-चाळीस बारच्या वर चढत नाही, ही खरी नेहमीची केस. बहुतेक कॉमन रेल गाड्यांत साधारण २०० ते २५० बार झाल्याशिवाय इंजिन पेटत नाही. त्याच्या बऱ्याच खाली असेल तर ईसीयू नोझल उघडतच नाही. पी००८७ आला तर तो इतकंच सांगतो की प्रेशर कमी आहे. का कमी आहे, ते सांगत नाही. या एका कोडवर पंप बदलला जातो, हजारोंचं बिल होतं आणि गाडी तशीच उभी राहते. म्हणून उलट दिशेने, टाकीकडून या. टाकीत डिझेल आहे ना? गाडी कोरडी पडून लाइनने एअर घेतली असेल तर हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) असलेल्या गाडीत तो कडक होईपर्यंत दाबा. कडक होतच नसेल तर टाकी ते फिल्टर यांच्यात कुठेतरी हवा ओढली जातेय. बहुतेक वेळा फिल्टर बदलताना नीट न बसलेलं सील. पावसाळ्यात फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पारदर्शक बाटलीत डिझेल काढा, दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. पेट्रोलचा वास आला तर तिथेच थांबा, पुढे एकदाही सेल्फ मारू नका. पंपाला वंगण डिझेलचंच असतं, पेट्रोलने तो घासला जातो.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर अडॅप्टरचं काम संपलं. पुढे बॅक लीक टेस्ट, म्हणजे कुठल्या नोझलमधून किती डिझेल मागे परत जातंय ते बघणं. चारही नोझलच्या रिटर्नला सलाइनच्या नळीचे तुकडे आणि चार सारख्या बाटल्या लावा, मूळ रिटर्न पाइपचं तोंड बंद करा आणि सेल्फ मारा. चांगल्या नोझलमधून क्रँकिंगला जेमतेम थेंब येतात. ज्याची बाटली भरभर भरते तो नोझल सगळं प्रेशर मागे सोडतोय. डिझेल पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्याकडे तोच द्या, चारही नाही. चारही बाटल्या कोरड्याच राहिल्या तर मग प्रेशर रेग्युलेटर आणि शेवटी हाय प्रेशर पंप. नोझलचे स्टीलचे पाइप सैल करून सेल्फ मारायची जुनी पद्धत कॉमन रेलवर कधीही करू नका. त्या प्रेशरचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं.

आणि प्रेशर अडीचशेच्या वर जाऊनही चालू होत नसेल? सायलेन्सरकडे कुणाला तरी उभं करा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल आत जातच नाहीये: मीटरवर इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या चावीच्या लॉकचा) दिवा लुकलुकतोय का बघा, दुसरी चावी लावा, मग कॅम सेन्सर आणि नोझलचं वायरिंग. पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाहीये: कॉम्प्रेशन, नाहीतर टायमिंग चेन सरकलेली. चेन सरकली असली तर सेल्फचा आवाजही हलका किंवा वेडावाकडा येतो. तेव्हा लगेच थांबा. हीटर प्लगवर (थंडीत इंजिन आतून तापवणाऱ्या) मात्र उगाच पैसे घालू नका. पुण्या-मुंबईच्या हवेत धडधाकट कॉमन रेल इंजिन प्लग मेले तरी सहसा चालू होतं. महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटे गोष्ट वेगळी. प्लगवाल्या इंजिनात स्टार्टर स्प्रे कधीच नको, गरम प्लगवर तो भलत्या वेळी भडकतो.

अडॅप्टरच्या त्रुटी स्पष्ट आहेत. ईसीयूला किती प्रेशर हवंय तो आकडा साध्या ओबीडीतून बहुतेक गाड्यांत मिळत नाही, इमोबिलायझरची माहिती नाही, नोझल कोडिंग (नव्या नोझलचा नंबर ईसीयूत भरणं) नाही. काही गाड्या रेल प्रेशरच देत नाहीत, म्हणून गाडी चांगली चालू असतानाच एकदा तपासून ठेवा. गरम इंजिन आयडलला अडीचशे-तीनशे बारच्या आसपास दाखवतं. तेव्हाच क्रँकिंगचा एक ग्राफही साठवून ठेवा, बिघाड झाल्यावर तुलनेला तुमच्याच गाडीचा आकडा मिळेल. आणि काम झालं की अडॅप्टर काढा. ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर तो आधीच थकलेली बॅटरी उतरवू शकतो.