होडी सोडायची की नांगर टाकायचा? उन्हाळा सरतानाची खाऱ्या पाण्यातली गळाची मासेमारी

थंड प्रदेशांतल्या समुद्रावर उन्हाळा सरू लागला की होडीतून गळ टाकणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, इंजिन बंद करा, होडी वाऱ्या-प्रवाहावर सोडून द्या आणि नकली आमिष नाचवत राहा. दुसरा म्हणतो, नांगर टाका, खरं आमिष तळाला ठेवा आणि गप्प बसा. नवख्याने ऐकावं कुणाचं? मला वाहत्या होडीचं वेड आहे, हे आधीच सांगतो. त्यामुळे नांगराच्या बाजूने जे लिहीन ते जरा जास्त खरं माना.

आधी तारखेचा घोळ. हवेत गारवा आला म्हणून पाणी गार झालं असं होत नाही. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. अंगात स्वेटर चढल्यावरही कित्येक आठवडे पाण्यात उन्हाळा शिल्लक असतो. मग पहिली वादळं येतात, वरचं कोमट पाणी आणि खालचं गार पाणी घुसळून एक होतं, उथळ जागी तळाचा गाळही वर उठतो. माझ्या हिशेबी ऋतू बदलतो तो त्या दिवशी, कॅलेंडरचं पान उलटल्यावर नाही.

तोवर होडी सोडण्यातच मजा आहे. पाणी नितळ असतं, मासा नजरेने शिकार करतो, बारीक माशांचे थवे अजून किनाऱ्याजवळ असतात आणि त्यांच्यावर पक्षी झेपावत असतात. होडी वाहत जाते तशी जागा आपोआप बदलते, म्हणजे मासा कुठे आहे हे ठाऊक नसलं तरी चालतं. दोरी विणलेली घ्या. ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे खोलातली टोचणीसुद्धा बोटाला कळते. अडचण वाऱ्याची. होडी फार पळू लागली की दोरी तिरपी होते आणि शिसं, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, तळ सोडतं. तेव्हा पाण्यात छत्रीसारखं कापड सोडून वेग मारतात. वारा आणि प्रवाह समोरासमोर असतील तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा दिवशी छोटी होडी बाहेर काढूच नका.

पाणी गढुळलं की चित्र उलटतं. आता डोळे कामाचे नाहीत, नाक कामाचं. म्हाकुळाचा तुकडा किंवा माशाची पट्टी तळाला पडली की तिचा वास प्रवाहाबरोबर लांब पट्ट्यासारखा पसरतो आणि मासा त्या पट्ट्यावरून प्रवाहाच्या उलट दिशेने आमिषाकडे येतो. होडी हलती असेल तर हा पट्टा तुटत राहतो. नांगराची सगळी करामत एवढीच आहे. म्हणून नांगर नेमक्या जागेवर टाकायचा नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा, म्हणजे दोर सोडल्यावर होडी हव्या त्या जागी येऊन थांबते.

नांगर टाकणं दिसतं तितकं सोपं नाही. पहिल्या हिवाळ्यात मी खोलीच्या जेमतेम दुप्पट दोर सोडला आणि होडी थांबली असं समजून खुशाल चहा ओतला. किनाऱ्यावरची खूण सरकलेली दिसली तेव्हा चहा निवून गेला होता. आता साखळी जोडतो, दोर खोलीच्या पाचपट तरी सोडतो आणि त्यावर तळहात ठेवून बघतो. नांगर रुतला असेल तर दोर नुसता ताणलेला लागतो. घसटत असेल तर तळाची थरथर हातापर्यंत येते. दोर नेहमी नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच, बांधायचा. मागच्या बाजूला बांधला तर प्रवाह होडीची मागची कड दाबतो आणि पाणी आत येतं. खडकाळ तळ असेल तर साखळी नांगराच्या बुडाशी जोडायची आणि दांड्याच्या टोकाला कच्च्या दोरीने अडकवायची. नांगर अडकलाच तर जोर लावल्यावर कच्ची दोरी तुटते आणि तो बुडाकडून उलटा सुटून येतो.

भरती बघूनच दिवस ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह इतका ओढतो की शिसं जड करत राहावं लागतं. नांगर शिकायचा तर अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी ओढीची, भरती बरी. होडी सोडायला मात्र थोडा प्रवाह हवाच, नाहीतर एकाच जागी डुलत राहाल.

थंडीचा हिशेबही वेगळा. होडी सोडली की हात चालू राहतात, नांगरावर तासन्‌तास बसून अंग गारठतं. गार पाणी तेवढ्याच गार हवेच्या सुमारे 25 पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेतं. कुणी पडलंच तर पहिलं मिनिट श्वास आवरण्यात जातं, आणि साधारण 10 मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात. तेव्हा लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवून उपयोग नाही, ते अंगातच हवं.

एकटेच जात असाल किंवा होडी नवी असेल तर वादळांच्या आधीचे दिवस पकडा आणि होडी सोडून मासेमारी करा. सोबत अनुभवी माणूस असेल आणि बसायचा धीर असेल तर नांगराचे दिवस जास्त देतात, हे नाइलाजाने कबूल करतो. मधल्या दिवसांत मी पांढरं रंगवलेलं शिसं हळूहळू पाण्यात सोडतो. पुरुषभर खोलीवरही ते दिसत राहिलं तर नकली आमिषाची पेटी उघडतो. त्याआधीच नाहीसं झालं, तर नांगराचा दोर मोकळा करायला घेतो.