ट्रेकसाठी ३० लिटरची सॅक घ्यावी की ५० ची?

दुकानात दोन्ही सॅक रिकाम्या लटकलेल्या असतात. किमतीत फार फरक नसला की हात आपसूक मोठीकडे जातो; ‘असू दे जागा, कधीतरी लागेल.’ मीही अशीच ५० लिटरची घेऊन आलो होतो. पुढे ३० ची घेतली, आणि आता दहापैकी आठ वेळा खुंटीवरून तीच उतरते. तरी मोठी विकलेली नाही.

आधी मुक्काम मोजा. हरिश्चंद्रगडावर पायथ्याच्या पाचनई गावाहून जायचं, एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या दिवशी उतरायचं, तर स्लीपिंग बॅग आठ-दहा लिटर जागा खाते, पाणी तीन, खाऊ तीन-चार, कपडे पाच-सहा, आणि हेडटॉर्च, औषधं वगैरे किरकोळ. पंचवीसच्या आत भागतं. कॅरीमॅट (झोपताना खाली अंथरायची गुंडाळी) बाहेर बांधली की ३० ची सॅक पुरते. कळसूबाईसारख्या एका दिवसाच्या चढाईला तर तीही जास्तच.

अडतं ते सामायिक सामानापाशी. पातेलं, स्टोव्ह, सहा जणांचा तांदूळ-डाळ ३० मध्ये जात नाही. (ग्रुपमध्ये मोठी सॅक ज्याची, पातेलं त्याचं. हा अलिखित नियम आहे, घेण्याआधी विचार करा.) राजगड-तोरणासारखी दोन-तीन दिवसांची रेंज (एका गडावरून चालत दुसऱ्या गडावर) करायची, वाटेत पाण्याची खात्री नाही म्हणून चार-पाच लिटर पाणी वाहायचं, तिथे ५० लाच पर्याय नाही. हिमालयातल्या पाच-सहा दिवसांच्या ट्रेकला तंबू आणि स्वयंपाक आयोजकांचा असला, तरी जाड जॅकेट, थर्मल आणि बदलायचे कपडे मिळून मोठी सॅक भरतेच.

आता वजनाचं. लिटर म्हणजे आत मावणारी जागा. पाठीला किती सोसेल ते त्यावरून कळत नाही. ५० च्या सॅकला बहुधा आत फ्रेम आणि जाड कंबरपट्टा असतो, त्यामुळे भार खांद्यावरून कमरेवर उतरतो. ३० च्या बऱ्याच सॅकना कमरेला नुसती पट्टी असते, तीही सॅक हलू नये एवढ्यापुरतीच. म्हणून दहा किलो ३० मध्ये कोंबले, तर तेच दहा किलो ५० मध्ये नेण्यापेक्षा जास्त बोचतात. सात-आठ किलोंपर्यंत मात्र लहान सॅक आरामात चालते, शिवाय रिकामी असताना ती किलोभराचीच. मोठी दीड-दोन किलोंची.

पण मोठी अर्धवट भरली तर सामान तळाशी बसतं आणि प्रत्येक पावलाला मागे ओढतं. बाजूचे पट्टे आवळून थोडं सावरता येतं, इतकंच. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अवघड चढाईत किंवा रतनगडाच्या शिड्यांवर हे नको होतं. उंच सॅकचा वरचा कप्पा मान वर केली की डोक्याला लागतो, हेल्मेट असेल तर हमखास, आणि पुढची पकड बघायला मान तर वर करावीच लागते. अरुंद जागी बाजूला बांधलेली मॅट झुडपांत अडकते ती वेगळी. अशा वाटांसाठी माझं मत सरळ ३० ला.

पावसाचं म्हणाल तर दोन्ही सारख्याच भिजतात. रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, म्हणून आत मोठी प्लास्टिकची पिशवी घाला. विमानाने जाणार असाल, तर ३० ची केबिनमध्ये सात किलोंच्या आत बसवता येते, ५० ची बहुतेक वेळा चेक-इनला द्यावी लागते.

पहिलीच सॅक असेल आणि ट्रेक सह्याद्रीतले, एका रात्रीचे असतील, तर ३० घ्या. वर्षातून एखादी रेंज ठरलीच तर मोठी मित्राकडून मागून न्या. हिमालयाची तारीख ठरलेली असेल किंवा पातेलं तुमच्याच गळ्यात पडणार असेल, तर ५० घ्या. दोन्हींत पाठीची लांबी जुळायला हवी: कंबरपट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. घरची स्लीपिंग बॅग दुकानात घेऊन जा, सॅकमध्ये भरा, वर पाण्याच्या चार-पाच बाटल्या टाका आणि दुकानाचा जिना दोनदा चढा. दुकानदार हसला तर हसू दे.