लगेज काटा, 5 महिन्यांनंतर: काटा बरोबर, बटणाची जागा चूक

डिसेंबरात घेतला, 399 ला, तोच पट्टा-हुकवाला 50 किलोचा. जूनमध्ये दहा आठवडे बेल्जियमला, ल्यूवेनला चाललेय, केळीच्या रोगांवर काम आहे, तिथल्या विद्यापीठात जगभरच्या केळीच्या जातींचा सगळ्यात मोठा संग्रह आहे (हो, जळगावहून केळी शिकायला बेल्जियमला, घरात सगळ्यांचं हसून झालंय). तिकिटावर 23 किलोची एकच बॅग आणि वरच्या किलोचे पैसे स्टायपेंडमधून भरायची माझी अजिबात तयारी नाही.

आता ते बटण. किलो-पाउंड बदलायचं बटण नेमकं तिथे दिलंय जिथे उचलताना अंगठा येतो. तुम्ही दातओठ खात बॅग उचलणार, बीप होणार आणि स्क्रीनवर 47.2! पहिल्यांदा आईने वाचलं आणि बिबड्यांचा डबाच बाहेर काढला, आजी खाटेवरून, "इतलं वझं कोन उचली वं?" पाउंड होते ते, किलोत 21.4. बिबडे परत आत. दर दोन-तीन वेळेला हेच. कस्टमर केअरचा फोन दोनदा कट, तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, "मॅडम, उचलताना बटण दाबू नका." बरं.

एप्रिलमध्ये तर एक स्टार द्यायलाच बसले होते. घरी 22.6 आलं, आणि दाणा बाजारात ओळखीच्या दुकानात पोत्यांच्या काट्यावर 23.9. सव्वा किलोच्या वर फरक! घरी येऊन दहा रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून वजन घेतलं, मग त्यात मापाने दहा लिटर पाणी भरून परत घेतलं, फरक आला 10.02. म्हणजे काटा सज्जन निघाला. मी पाच फुटी, बॅग मोठी, उचलली तरी एक चाक उंबऱ्याला टेकत होतं आणि मला कळलंच नाही.

बाबा म्हणाले, अगं हा ताणकाटा आहे, हातात धरून कापूस मोजतं का कोणी? मग त्यांनी आणि भावाने खांद्यावर काठी घेतली, काठीला काटा, काट्याला बॅग. 23.9, बरोब्बर. अंगठाही बटणापासून लांब. फक्त काट्यासोबत दोन माणसं लागतात हे बॉक्सवर लिहायला हवं होतं.

मग काटछाट. तूप तसंही गेलं, युरोपियन युनियनमध्ये प्रवाशांना दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. कळण्याचं पीठ अर्धं केलं, एक जाडजूड पुस्तक राहिलं. गंमत म्हणजे तिकडे फळं न्यायची तर रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो, फक्त अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी यांना सूट! मी तीच अभ्यासायला चाललेय. आता 22.7 वर आहे.

परतीला तिकडे काठी धरायला कोण येणार, म्हणून बटणावर बाटलीचं झाकण उपडं ठेवून चिकटपट्टी मारलीय, दिसतं वाईट पण चालतं. बॅटरी पहिलीच आहे अजून. तीन स्टार, एक बटणाचा कापला, एक त्या फोनचा.

अपडेट: बाबा दोन दिवस काटा शेतात घेऊन गेले, केळीचे घड मोजतायत, एकेक 20-22 किलोचा, आणि आता परत द्यायला तयार नाहीत. मला दुसरा मागवावा लागला. हाच मागवला, बाकीचे सगळे 600 च्या वर आहेत.