फॅब अकादमीतलं गिट: आधी कटकट, मग सवय

लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला वेबसाइट कशाला हवी? फॅब अकादमीत हवीच. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांचा हा डिजिटल फॅब्रिकेशनचा, म्हणजे संगणकावर आराखडा करून यंत्राने वस्तू बनवण्याचा कोर्स जानेवारीत सुरू होतो आणि सुरुवातीलाच स्वतःची साइट उभी करायला लावतो. मूल्यमापन होतं तेही साइटवरच्या नोंदी बघून. (आपल्या पाबळच्या विज्ञान आश्रमातली फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांची कार्यशाळा, २००२ची, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी.)

वेबपान लिहायच्या एचटीएमएल, सीएसएस या भाषा लवकर जमतात. घाम काढतं ते गिट, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारं सॉफ्टवेअर. लिनस टॉरवाल्ड्सने २००५मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी ते लिहिलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर माझ्यासारखा फिटर नक्कीच नव्हता! टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'गिट स्टेटस' मारलं की बदललेल्या फाइल लाल दिसतात, 'अ‍ॅड' करून नोंदीसाठी निवडल्यावर हिरव्या. मग 'कमिट' म्हणजे बदलांची पक्की नोंद, मग 'पुश' म्हणजे ती सर्व्हरवर पाठवणं. कमिटच्या संदेशात नुसतं 'बदल' लिहू नका. 'लेझरचे फोटो बारीक केले' असं लिहा, महिन्याभराने शोधताना दुवा द्याल.

फोटोंचं मात्र आधीच बघा. मोबाइलचा चार एमबीचा फोटो एकदा कमिट झाला की नंतर फाइल उडवली तरी इतिहासात तो बसूनच राहतो, रिपॉझिटरी (फाइली आणि त्यांचा इतिहास यांचं कोठार) फुगतच जाते. इमेजमॅजिक या फोटो लहान करायच्या सॉफ्टवेअरने रुंदी हजार पिक्सेलवर आणायची, मगच अ‍ॅड.

माझ्याकडून गिटला पाचपैकी चार. एक गुण कापला मर्ज कॉन्फ्लिक्टपायी, म्हणजे एकाच ओळीतले दोन वेगळे बदल एकमेकांना भिडतात त्यापायी: फाइलच्या मधोमध बाणांच्या त्या रांगा उगवल्या की नवख्याला वाटतं, सगळं गेलं.