जवळची बाग, मोठं उद्यान की टेकडी: मुलांना कुठे न्यावं?

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर माझं मत पक्कं आहे: घराजवळची बाग निवडा, कितीही साधी असली तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. रविवारी एकदा मोठ्या उद्यानात नेऊन ती भरून निघत नाही. बाग चालत गाठता आली की रोज जाणं होतं, आणि मूल पेंगुळलं तर लगेच परतताही येतं.

खेळण्यांच्या बाबतीत मोठं उद्यान अर्थातच सरस. पण खेळणी मोजण्याआधी त्यांच्याखाली काय आहे ते बघा, कारण खेळताना बहुतेक दुखापती पडल्यामुळेच होतात. भुसभुशीत वाळू किंवा जाड रबर मार झेलतं. फरशी आणि तुडवून घट्ट झालेली माती नाही. वाळू पायाने जरा उकरून पाहा. घसरगुंडीच्या तोंडाशी, जिथे सगळी मुलं आपटतात, नेमकी तिथलीच सरकून खालची टणक जमीन उघडी पडलेली असते. रबर आणि कृत्रिम हिरवळ उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते, म्हणून सावलीही बघा.

आणि कुठल्याही बागेत गेलात तरी तान्ह्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरू नका. बाळाचा बूट कडेला अडकतो, मागून मोठ्या माणसाचं वजन येतं आणि नडगीचं हाड मोडतं. प्रेमापोटी केलेली गोष्ट, म्हणून कळकळीने सांगावंसं वाटतं.

टेकडी किंवा वनराई साधारण सहा-सात वर्षांपासून पुढे खरी रंगते. तिथे झोपाळा नसतो, पण काड्या, दगड आणि मुंग्यांच्या रांगा मुलांना तासभर पुरतात. बाबागाडी मात्र चालत नाही, स्वच्छतागृहही बहुधा नसतं.

तळ्याकाठी नेणार असाल तर लहानग्याला हाताच्या अंतरावर ठेवा; बुडणारं मूल सहसा ओरडत नाही. डासांचाही विचार करा: डेंगी पसरवणारा डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी, म्हणजे ऐन खेळण्याच्या वेळी.

घरात तीन आणि नऊ वर्षांची मुलं एकत्र असतील तर मी मोठ्या उद्यानाकडे झुकेन, पण एका अटीवर: एकाच बाकावरून दोघंही दिसली पाहिजेत. जागा पाहायला जाल ते ज्या वेळी रोज जाणार त्याच वेळी. सकाळी शांत वाटलेल्या बागेत संध्याकाळी झोपाळ्यासाठी रांग असू शकते.