धबधब्यासाठी एनडी फिल्टर घेताय? गोल, व्हेरिएबल की स्क्वेअर

पावसाळा तोंडावर आला की "कुठला एनडी घेऊ" हा प्रश्न सुरू होतो (एनडी म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, शटर जास्त वेळ उघडं ठेवून पाणी सिल्की दिसावं म्हणून), आणि बरेच जण विचारायच्या आधीच टेन स्टॉप, म्हणजे खूप गडद एनडी, घ्यायचं ठरवून बसलेले असतात. मला विचाराल तर आधी कुठल्या पाण्याचा फोटो काढणार ते ठरवा, काच नंतर.

साधं गणित आहे, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, म्हणून प्रत्येक स्टॉपला शटरची वेळ दुप्पट. एनडी ८ म्हणजे ३ स्टॉप, एनडी ६४ म्हणजे ६, एनडी १००० म्हणजे १०. आता जुलैमधला ताम्हिणीचा एखादा धबधबा घ्या, वर ढग, आजूबाजूला झाडी, आयएसओ १०० आणि ॲपर्चर एफ ११ ला कॅमेऱ्याचा मीटर १/१५ सेकंदाच्या आसपास दाखवतो. ३ स्टॉप लावला की अर्धा सेकंद, ६ लावला की ४ सेकंद, १० लावला की मिनिटापेक्षा जास्त. धबधब्याला मला स्वतःला पाव ते एक सेकंद आवडतं, पाण्याच्या रेषा दिसतात, धार कुठून फुटली ते कळतं. मिनिटभरात तिथं फक्त पांढरा पट्टा उरतो आणि वाऱ्याने हललेली सगळी पानं पुसट झालेली, म्हणजे टेन स्टॉपचे पैसे घालून फोटो बिघडवला.

समुद्राचं वेगळं. हरिहरेश्वरच्या खडकांवर लाट परत जाताना ज्या रेघा उमटतात त्यांना अर्धा ते एक सेकंद पुरतो, पण वरळी सी लिंकखालचं पाणी एकदम सपाट, धुक्यासारखं हवं असेल तर ३० सेकंद आणि पुढे. तरी सूर्यास्तानंतर मीटर १/२ सेकंदावर आला की ६ स्टॉपनेच ३२ सेकंद होतात. भर दुपारी १/२०० असताना मात्र ६ स्टॉप जेमतेम १/३ सेकंद देतो, तिथं टेन स्टॉपची खरी गरज.

आता प्रकार. गोल, लेन्सवर स्क्रू होणारा फिक्स एनडी हा पावसात सगळ्यात बिनत्रासाचा, काच लेन्सला चिकटून असते, मधून पाणी शिरत नाही, उजेड शिरत नाही, पुसला की झालं. त्रास एकच, टेन स्टॉप लावल्यावर डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये काही दिसत नाही, फ्रेम बदलायची तर काढा, फोकस करा, मॅन्युअल फोकसवर टाका, परत लावा, आणि ओल्या बोटांनी पातळ रिंग अडकली की मग बसा झगडत (ब्रासची रिंग ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकते, थोडे जास्त पैसे त्यासाठी द्यायला हरकत नाही). ६ स्टॉपला एवढी कटकट नसते, बहुतेक मिररलेस बॉडी त्यातून ऑटोफोकससुद्धा करतात.

व्हेरिएबल एनडी ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, एकच फिल्टर, फिरवला की कमीजास्त. पण आत दोन पोलरायझर एकमेकांसमोर असतात, आणि वाइड लेन्सवर जास्त अंधाराच्या टोकाला नेला की फ्रेममध्ये काळा एक्स उमटतो, तो एडिटिंगमध्ये नीट जात नाही. त्याआधीही आकाश एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकट असं होऊ शकतं. व्हिडिओ करत असाल तर तोच घ्या, कारण सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० वर ठेवून उजेड पटापट सांभाळायचा असतो आणि त्याला तोड नाही. फक्त स्टिल्ससाठी मी घेणार नाही.

स्क्वेअर सिस्टम म्हणजे होल्डर, ॲडॅप्टर रिंग आणि १०० एमएमच्या काचा. ली, निसी, कासे, हैडा वगैरे. फायदा दोन ठिकाणी: काच वर सरकवून काढता येते त्यामुळे फोकस पटकन, आणि ग्रॅज्युएटेड एनडी (वर गडद, खाली साफ काच) वर-खाली करून क्षितिजावर बरोबर बसवता येतो. कोकणात समुद्राचा सूर्यास्त हाच मुख्य विषय असेल तर ही मजा दुसऱ्या कशात नाही. पण सह्याद्रीच्या पावसात ती मोठी काच म्हणजे थेंब गोळा करायचं ताट, वर होल्डर आणि काचेमधून उजेड गळतो म्हणून फोमचं गॅस्केट नीट बसलंय का ते बघत बसायचं, आणि दगडावर पडली की एका काचेचे पैसे गेले. रेझिनची (प्लॅस्टिकची) फुटत नाही पण ओरखडे पटकन येतात.

स्वस्त टेन स्टॉपमध्ये तपकिरी किंवा जांभळट झाक येते. सगळीकडे सारखी असेल तर रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्सने जाते, कोपऱ्यात वेगळी आणि मध्ये वेगळी असेल तर डोक्याला ताप.

आणि सीपीएल, म्हणजे फिरवता येणारा गोल पोलरायझर, ज्याला कुणी मोजतच नाही! दीड-दोन स्टॉप तो तसाही खातो, शिवाय ओल्या काळ्या दगडावरची आणि पानांवरची चमक घालवतो, शेवाळाचा हिरवा रंग एकदम वर येतो, साध्या एनडीकडून हे होत नाही. वरच्या १/१५ च्या हिशोबाने नुसत्या सीपीएलवर १/४ च्या जवळ पोचता, थोडं एफ १३ केलं की काम झालं. एफ २२ पर्यंत मात्र ओढू नका, डिफ्रॅक्शनने सगळं मऊ पडतं.

फिल्टरच नको असेल तर ट्रायपॉडवर पंचवीस-तीस फ्रेम लागोपाठ काढून फोटोशॉपमध्ये मीन मोडने एकत्र करा, पाणी बऱ्यापैकी सिल्की होतं. ओएम सिस्टमच्या ओएम-१ मध्ये लाइव्ह एनडी बॉडीतच आहे, ६ स्टॉपपर्यंत. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून लाँग एक्स्पोजर निवडता येतं, इन्स्टापुरतं ठीक, मोठ्या प्रिंटला नाही.

तर पहिल्यांदाच घेणाऱ्याला माझी यादी अशी, गोल ६ स्टॉप आणि सीपीएल, दोन्ही तुमच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचे, बहुधा ७७ एमएम, बाकी लेन्सना स्टेप-अप रिंग (छोट्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी). नंतर वाटलं तर ३ स्टॉप, दोन्ही एकावर एक लावले की ९ होतात, फक्त वाइडला कोपरे काळे पडतायत का बघा. टेन स्टॉप आणि स्क्वेअर समुद्राचा नाद लागल्यावर. आणि हो, स्टेप-अप रिंग लावली की लेन्सचा हूड बसत नाही, त्यामुळे पावसात छत्री धरायला एक मित्र लागतोच.