जँगोत ट्रान्झॅक्शन: अख्ख्या रिक्वेस्टला की मोजक्या ओळींना?

जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले बदल एकतर सगळे पक्के, नाहीतर एकही नाही) दोन प्रकारे लावता येतं. दोन्ही सोयी २०१३ च्या १.६ आवृत्तीपासून आहेत. अ‍ॅटॉमिक रिक्वेस्ट्स ही सेटिंग चालू केली की प्रत्येक व्ह्यू (रिक्वेस्टला उत्तर देणारं फंक्शन) आपोआप ट्रान्झॅक्शनमध्ये चालतो. ती बंद ठेवली तर गरज पडेल तिथे अ‍ॅटॉमिक ब्लॉक आपणच लिहायचा. मी दोन्ही वापरून पाहिलंय.

टीम नवखी असेल, काम फॉर्म भरून सेव्ह करण्याइतपत असेल, तर सेटिंगला नावं ठेवायला जागा नाही. कुणी विसरलं तरी अर्धवट ऑर्डर मागे राहत नाही.

माझं बिनसलं ते पेमेंटवर. गेटवेने, म्हणजे पैसे घेणाऱ्या बाहेरच्या सेवेने, नकार दिला की त्या प्रयत्नाची नोंद टेबलात हवी असते, कारण तक्रारीचा फोन त्याच ग्राहकाचा येतो. नोंद टाकून एक्सेप्शन फेकलं की रोलबॅकमध्ये, म्हणजे बदल मागे घेताना, ऑर्डरबरोबर नोंदही जाते. ग्राहक सांगतोय पैसे कापले गेले, आणि आपलं टेबल कोरं! बरं, एक्सेप्शन पकडून चारशेचा, म्हणजे चूक दाखवणारा, रिस्पॉन्स दिला, तर जँगो स्टेटस कोड बघतच नाही. त्याच्या लेखी व्ह्यू सुरळीत संपला, म्हणजे कमिट, बदल पक्के. आता नोंद राहते, पण अर्धवट ऑर्डरही पक्की होते. शिवाय गेटवेच्या उत्तराची वाट पाहत ट्रान्झॅक्शन उघडंच. सिलेक्ट फॉर अपडेटने (ओळ आपल्यापुरती कुलूपबंद करणारी क्वेरी) धरलेली स्टॉकची ओळ तोवर अडकलेली. डेकोरेटर लावून तो व्ह्यू वगळता येतो, पण नेमके महत्त्वाचे व्ह्यूच वगळायचे तर सेटिंग कुणासाठी ठेवायची?

हाताने लिहिलेल्या ब्लॉकमध्ये ऑर्डर आणि स्टॉक आत, गेटवेचा कॉल बाहेर, फसल्याची नोंदही बाहेर. फक्त ट्राय-एक्सेप्ट ब्लॉकच्या बाहेरून घालायचं. इंटिग्रिटी एरर (डेटाबेसचा नियम मोडल्याची) आतच गिळली, तर पुढची क्वेरी ट्रान्झॅक्शन मॅनेजमेंट एरर देते. विसरण्याचा धोका मात्र खरा आहे. रिव्ह्यू करणारा जागा हवा. नेस्टेड ब्लॉक (ब्लॉकच्या आतला ब्लॉक) म्हणजे नुसता सेव्हपॉइंट, मागे फिरण्याची खूण, वेगळं ट्रान्झॅक्शन नव्हे, हेही नव्या माणसाला सांगावं लागतं. ३.२ पासून ड्युरेबल हा पर्याय आलाय, तो लावलेला ब्लॉक दुसऱ्या ब्लॉकच्या आत आला की सरळ एरर देतो.

सेलरीचं (मागच्या बाजूला कामं चालवणारं टूल) टास्क ऑन-कमिटमधूनच, म्हणजे कमिट झाल्यावरच, सोडा, मार्ग कुठलाही असो. नाहीतर ते टास्क चालवणारा वर्कर कमिटच्या आधी पोचतो आणि त्याला ओळच सापडत नाही.

तुमच्याकडे बाहेरच्या सेवांचे कॉल फारसे नसतील तर सेटिंग खुशाल ठेवा. पैशाचा व्यवहार असेल तर मी ब्लॉकच लिहीन. चालू प्रोजेक्टात मात्र सेटिंग एका फटक्यात काढू नका. आधी पेमेंटचे व्ह्यू डेकोरेटरने वगळा, त्यांत ब्लॉक लिहा, मग बाकीचे घ्या.